नेटवर सापडलेल्या फोटोंचे मर्यादित प्रिंट काढून विकावेत का? (संस्थेच्या मदतीसाठी)

खाडीकाठ
शुक्रवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

रत्नागिरीजवळ आमची एक छोटी संस्था आहे. नाव मुद्दाम देत नाही, इथे जाहिरात केली की संपादक मंडळ कान उपटतं. काम दोन प्रकारचं. खाडीपट्ट्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या हातात कॅमेरा देऊन फोटो काढायला शिकवायचं, आणि घरोघरचे जुने अल्बम स्कॅन करून एक प्रत घरच्यांना, एक आमच्याकडे ठेवायची. कॅमेरे सगळे दान आलेले. स्कॅनर एकच, तोही हल्ली मध्येच रुसतो. थोडक्यात, पैसे हवेत.

फोटोग्राफीच्या परदेशी संस्था यासाठी कलाकारांचे मर्यादित प्रतींचे प्रिंट विकतात. न्यूयॉर्कची अपर्चर ही संस्था १९५२ पासून आहे. मासिक काढते, पुस्तकं काढते आणि असे प्रिंटही विकते. घेणाऱ्याला भिंतीवर लावायला चित्र मिळतं, संस्थेचा गाडा चालतो.

आमच्या एका विश्वस्तांनी पेनेलोपी अंब्रिको या अमेरिकन कलाकाराचं काम पाहिलं आणि ते झपाटले. या बाईंनी २००६ च्या जानेवारीत फ्लिकर या फोटो टाकायच्या संकेतस्थळावर 'सनसेट' शोधलं तर ५,४१,७९५ फोटो आले. त्यातले काही घेऊन प्रत्येकातला फक्त सूर्य कापून काढला, साध्या मशीनवर चार बाय सहा इंचाचे प्रिंट मारले आणि भिंतभर लावले. कामाचं नाव म्हणजे तो आकडाच. पुढच्या प्रदर्शनाला पुन्हा शोधायचं, येईल तो आकडा हे नवं नाव.

तर विश्वस्तांचं म्हणणं असं की सूर्यास्त म्हटलं की कोकण. नेटवर गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर, मुरूड टाकलं की फोटोंचा पूर येतो. त्यातले सूर्य घेऊन एक मोठं पान करायचं, २५ प्रती काढायच्या, क्रमांक घालून विकायच्या. दुसऱ्या विश्वस्तांना हे 'फारच मॉडर्न' वाटतं. ते म्हणतात, एकच झकास फोटो उतरवून घ्या आणि मोठा छापा.

मला दोन्हीत काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते मीटिंगमध्ये मांडता येईना. कायद्याने चालतं का? रीतीने चालतं का? आणि कोणी विकत घेईल का? होऊ द्या काथ्याकूट.

लिंबूसरबत
शुक्रवार, रात्री ९.२२

रुमाल टाकून ठेवते.

पुणेरी_चिकू
शुक्रवार, रात्री ९.३५

म्हणजे एकाने काढलेला फोटो, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून उतरवायचा, तिसऱ्याला विकायचा आणि पुण्य चौथ्याच्या पदरात. कोकणी माणसाला धंदा जमत नाही असं कोण म्हणतं?

वकिलीणबाई
शुक्रवार, रात्री १०.०५

चिकू, टोमणा बरोबर जागी बसलाय. आता कोरडं सांगते. हा फुकटचा सल्ला आहे, तेवढीच त्याची किंमत धरा.

आपला कायदा १९५७ चा. फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता, आणि सहसा पहिला मालकही तोच. त्यासाठी नोंदणी लागत नाही, फोटोवर नाव किंवा चिन्हही लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीआधी फोटोचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चाले. आता फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. त्यामुळे 'नेटवर होता, मालक दिसला नाही' या वाक्याला कोर्टात काही वजन नाही.

अमेरिकेत कलाकार 'आम्ही मूळ फोटोचं रूपच पालटलं' असा बचाव करतात आणि तो कधी टिकतो, कधी नाही. आपल्याकडे कलम ५२ मध्ये सवलतींची यादी आहे. खाजगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. 'चांगल्या कामासाठी छापून विकलं' हे त्या यादीत नाही. दुसऱ्या विश्वस्तांची कल्पना तर सरळसरळ उल्लंघन आहे. पहिल्यांची वाद घालण्याजोगी आहे, पण वाद घालायला वकील लागतो आणि तुमच्याकडे तर स्कॅनरलाच पैसे नाहीत.

एक वाट आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना असलेले, म्हणजे मालकाने स्वतःच काही अटींवर वापरायला मोकळे ठेवलेले फोटो शोधा. त्यातही नीट वाचा. नुसतं श्रेय मागणारा परवाना असेल तर नाव देऊन विकताही येतं. व्यावसायिक वापराला मनाई असेल तर मात्र 'आमची संस्था नफ्यासाठी नाही' म्हणून सुटका होत नाही. परवाना तुम्ही कोण आहात ते बघत नाही, तुम्ही फोटोचं काय करताय ते बघतो. आणि फेरफाराला मनाई असेल तर सूर्य कापणंच बाद.

डार्करूमवाला
शुक्रवार, रात्री १०.३१

वकिलीणबाई, लग्नाच्या फोटोंचं काय? आमच्या स्टुडिओत निगेटिव्हचे डबेच्या डबे पडून आहेत. ते माझे ना?

वकिलीणबाई
शुक्रवार, रात्री १०.४०

निगेटिव्हची पट्टी तुमची. हक्क बहुधा नवरदेवाच्या वडिलांचा! पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. कलम १७.

डार्करूमवाला
शुक्रवार, रात्री १०.४४

अरे देवा. त्यातल्या निम्म्यांनी पैसेही पूर्ण दिलेले नाहीत.

बे_एके_बे
शुक्रवार, रात्री ११.१५

कायदा बाजूला ठेवू, आधी गणित. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. फ्लिकरवरचा जुना फोटो बहुतेक वेळा १०२४ बाय ६८३ मध्ये मिळतो. तो ३०० ने छापला तर साडेतीन इंचही भरत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला १६०० बाय १२०० चा असेल तर सव्वापाच बाय चार. 'एकच झकास फोटो मोठा छापा' म्हणणाऱ्यांना सांगा, दोन फुटी केला तर त्या १०२४ चे इंचाला ४२-४३ पिक्सेल उरतील. समुद्र नाही, फरशी दिसेल.

अंब्रिकोबाईंचा सूर्य मूळ फोटोत असेल शंभरेक पिक्सेलचा. तो चार इंचाचा केला की इंचाला २५. म्हणजे फुटणारच. पण तिथे फुटलेला चालतो, कारण बघणारा एकेक सूर्य बघत नाही, भिंत बघतो. एकाच फोटोला ती सवलत नाही.

बंदरावरचो
शनिवार, सकाळी ७.०२

माका एक कळना नाय. सूर्य कापून घेतलास तर खाली मालवण खय रवला? सूर्य काय, दिवेआगरात बुडता तसोच गोव्यात बुडता. आमच्या बंदराचो फोटो म्हणजे मागे सिंधुदुर्ग, पुढ्यात एखादी होडी, आणि एक तरी कुत्रो. ता सगळा काढून टाकून उरला काय, तर पिवळो ठिपको. आणि तो पंचवीस जणांक विकतलास?

लिंबूसरबत
शनिवार, सकाळी ७.४०

+१. ठिपको!

भूगोलमास्तर
शनिवार, सकाळी ९.२०

बंदरावरचो यांना अर्धं अनुमोदन. सूर्य सगळीकडे सारखा, पण बुडतो कुठे ते सारखं नसतं. रत्नागिरीच्या अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास तो पश्चिमेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला टेकतो आणि डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. भाट्याच्या पुळणीवर एकाच जागी वर्षभर उभे राहिलात तर पन्नासेक अंशांचा प्रवास दिसेल. रत्नदुर्गाच्या टोकापासून सूर्य किती हात लांब आहे ते बघून इथले लोक महिना सांगतात. क्षितिजासकट सूर्य घेतला तर तो फोटो रत्नागिरीचाच राहतो. नुसता गोळा कापला की गेला.

आणखी एक गंमत बघा. नेटवर 'कोकण सूर्यास्त' शोधून फोटोंच्या तारखा पाहा. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एकतीस डिसेंबर, मग मे महिना. जून ते ऑगस्ट जवळपास कोरडं, म्हणजे नेटवर कोरडं, इथे धो धो. नारळी पौर्णिमेच्या आधीचा समुद्र, किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेल्या होड्या, हे फोटो शोधून सापडत नाहीत. नेटवरचं कोकण पाहुण्यांनी काढलेलं आहे. तुम्ही त्यातून सूर्य वेचलेत तर कोकणाचं चित्र होणार नाही, पाहुण्यांच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर होईल. तेही वाईट नाही म्हणा, पण मग त्याला तेच नाव द्या.

खाडीकाठ
शनिवार, सकाळी १०.०५

मास्तर, मला नेमकं हेच खटकत होतं, तुम्ही त्याला शब्द दिलेत. आमची मुलं पावसाळ्यातच सगळ्यात जास्त फोटो काढतात, कारण तेव्हाच घरात सगळे असतात.

चाकरमानी_डोंबिवली
शनिवार, दुपारी १२.३०

कायद्यापेक्षा मला चेहऱ्याचा प्रश्न मोठा वाटतो. दोन उदाहरणं देतो.

डच कलाकार एरिक केसेल्सने २०११ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या फोम संग्रहालयात एका दिवसात फ्लिकरवर चढलेले फोटो छापून खोल्यांत ढीग रचले. लोक त्या डोंगरांवरून चालत होते. कोणाचा फोटो कुठे आहे हे कळायची सोय नाही, आणि काम त्याबद्दलच आहे.

रिचर्ड प्रिन्सने २०१४ मध्ये लोकांच्या इन्स्टाग्राम पोस्टचे स्क्रीनशॉट घेतले, खाली स्वतःची एखादी ओळ चिकटवली आणि कॅनव्हासवर मोठे छापून न्यूयॉर्कमध्ये लावले. पुढच्या वर्षी त्यातले काही सुमारे ९० हजार डॉलरला गेल्याच्या बातम्या आल्या. मग सुइसाइडगर्ल्स या संकेतस्थळाने काय करावं? प्रिन्सने त्यांच्याच पोस्ट उचलल्या होत्या. त्यांनी त्याच मापाचे प्रिंट ९० डॉलरला विकायला काढले आणि पैसे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेला जातील असं जाहीर केलं. याला म्हणतात जशास तसं. शिवाय दोन फोटोग्राफर कोर्टात गेले आणि २०२४ च्या जानेवारीत प्रिन्सच्या पक्षाने त्यांना भरपाई द्यावी असे आदेश निघाले.

केसेल्सने घेतलं सगळ्यांकडून, प्रिन्सने घेतलं कोणा एकाकडून. पोरीने आपल्या पानावर टाकलेला फोटो तिच्या दोनशे मैत्रिणींसाठी असतो, दिवाणखान्यासाठी नाही. उद्या गुहागरच्या बाजारात मासे विकणाऱ्या मावशींचा फोटो कोणीतरी 'कोकणी चेहरा' म्हणून छापला आणि तो मुंबईच्या कुठल्या हॉटेलात लागला, तर मावशींना कोण सांगणार? मावशींच्या लेकीलाच तो तिथे दिसेल, जेवायला गेली तर.

अंब्रिकोच्याच दुसऱ्या एका मालिकेत सूर्यासमोर उभी राहिलेली माणसं आहेत. कॅमेऱ्याने सूर्य सांभाळला की माणूस काळा पडतो, त्यामुळे तिथे सगळ्या नुसत्या सावल्या. ते मला चालतं.

पुणेरी_चिकू
शनिवार, दुपारी १.१०

चेहऱ्याचं पटलं. आता दुसऱ्या ढोंगाकडे वळू. डिजिटल फाइलच्या २५ प्रती कशाला? यंत्र २५ हजार काढेल, त्याचा हात दुखत नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना घातला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी लागली. कोकणातल्या कितीतरी माजघरांत अजून असेल, काजळी धरलेली. त्यावर '३/२५' लिहिलं असतं तर ती एखाद्या संस्थानिकाकडेच राहिली असती. स्वस्त छापा, भरपूर विका, पैसेही जास्त येतील.

छापखाना_बंद
शनिवार, दुपारी ३.४५

छापाचित्रं करते म्हणून लिहिते. (एचिंग, लिनो. हाताला कायम शाई.)

चिकू, रविवर्म्यांचं उदाहरण फक्कड आहे, पण त्यांनी आवृत्ती मर्यादित असल्याचं कोणाला सांगितलं नव्हतं. एचिंगमध्ये तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा झिजतो, रेषा बोथट होतात. त्यामुळे मर्यादा आधी यंत्राची होती, मग ती बाजाराची झाली. ठरलेल्या प्रती निघाल्या की पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करायची पद्धत आहे. पुन्हा कोणी छाप काढलाच तर ती रेघही उमटते.

फाइलवर रेघ ओढता येत नाही. तिथे २५ म्हणजे फक्त शब्द दिलाय, आणि विकत घेणारा त्या शब्दाचे पैसे देतो. पेटीवर देवगड लिहून आत भलताच आंबा भरणारे आपण पाहिलेत, तोच प्रकार इथे कागदावर होऊ शकतो. म्हणून आधी लिहून टाका: किती प्रती, कोणत्या मापात, कलाकाराच्या स्वतःच्या प्रती किती (त्याही मोजायच्या, बरेच जण तिथेच हात मारतात), हीच प्रतिमा पुढे पोस्टकार्ड किंवा कॅलेंडरवर येणार का. क्रमांक आणि सही शिसपेन्सिलने, प्रतिमेच्या खाली पांढऱ्या पट्टीत. बॉलपेन नको. प्रमाणपत्रावर सोनेरी वेलबुट्टी तर मुळीच नको, लग्नपत्रिका वाटते.

स्वस्त आणि भरपूर हाही मार्ग आहेच. सावंतवाडीला गंजिफा हाताने रंगवतात त्या महाग, आणि छापील पत्त्यांचा जोड वेगळा मिळतो. दोन्हीचं गिऱ्हाईक वेगळं. दोन्ही करा, पण एकाच चित्रावर नको.

आंबोळी_चटणी
शनिवार, सायंकाळी ६.२०

जरा वेगळं लिहिते, विषयाला सोडून वाटलं तर दुर्लक्ष करा.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या तळमजल्यावर छतापर्यंत आलं. अल्बम खालच्या कपाटात होते. लगदा झाला, पानं एकमेकांना चिकटली, सोडवायला गेलं की चेहऱ्याचा रंग समोरच्या पानावर. गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ सालच्या त्या ग्रंथालयात पाणी शिरलं, त्यापुढे आमच्या अल्बमचं काय.

पुढे मामेबहिणीने फेसबुकवर वाढदिवसाची पोस्ट टाकली होती ती सापडली. आईचा मंगळागौरीचा फोटो. तिने आमच्याच अल्बमवर मोबाईल धरून काढलेला. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, कारण अल्बमच्या पानावर चकचकीत प्लास्टिक. खालच्या कडेला तिचा अंगठा, नेलपॉलिश अर्धं उडालेलं. आई फुगडी घालतेय, तिचा चेहरा हललेला. घरात आता तेवढाच आहे.

तर नेटवर सापडलेला फोटो म्हणजे काय हे मी सूर्यास्तावरून ओळखत नाही. आमच्यासारख्या घरांचे अर्धेमुर्धे फोटो दुसऱ्यांच्या पानांवर पडून आहेत. ते अंगठ्यासकट छापले तर मी विकत घेईन. मामेबहिणीला विचारून.

लिंबूसरबत
शनिवार, सायंकाळी ६.४१

अगं. वाचून काय लिहावं कळेना.

चाकरमानी_डोंबिवली
शनिवार, सायंकाळी ७.१५

आंबोळी, हे अजिबात विषयाला सोडून नाही. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर मियागी भागातल्या यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले लाखो फोटो धुतले, वाळवले, डिजिटल केले आणि मालकांना परत दिले. जे ओळखूच येत नव्हते, रंग वाहून नुसते डाग उरले होते, त्यांचं प्रदर्शन पुढे परदेशात नेलं. मदतनिधीही त्यातून गोळा केला. आधी परत करण्याचा प्रयत्न आणि मग उरलेल्याचं प्रदर्शन, हा क्रम मला फार आवडला.

डार्करूमवाला
शनिवार, रात्री ८.३०

आंबोळी, आता उपयोग नाही, पण बाकीच्यांसाठी लिहून ठेवतो. पुरात भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नका. गार स्वच्छ पाण्यात ठेवा, पाण्यातच अलगद सोडवा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका, मग चित्र वर करून सावलीत वाळवा. वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, सवडीने काढा. आमच्याकडे लोक घेऊन येतात ते उन्हात खडखडीत वाळवून. वाळले की गेले.

आता खाडीकाठ यांच्या प्रिंटबद्दल. तुम्ही कागदाचं काही बोललाच नाहीत. कोकणात प्रिंट विकायचा म्हणजे निम्मा विचार पावसाळ्याचा. कापसाचा, आम्ल नसलेला कागद आणि पिगमेंट शाई घ्या. साध्या डाय शाईचा प्रिंट खिडकीसमोर लावला की निळसर होत जातो. पण खरा घात करतो फ्रेमवाला. तो प्रिंट थेट काचेला टेकवतो. ऑगस्टमध्ये हवा ओली झाली की कागद काचेला चिकटतो आणि चित्रासकटच निघतो. मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, दोन-तीन मिलिमीटरची का होईना पोकळी हवी. मागे हार्डबोर्ड ठोकतात, त्याचं आम्ल कागदात उतरून तपकिरी डाग पडतात. आम्लरहित बोर्ड मिळत नसेल तर निदान मधे तसला एक कागद घाला. चिऱ्याच्या भिंतीवर फ्रेम सपाट टेकवू नका, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते. पश्चिमेच्या भिंतीवर तर लावूच नका, पाऊस तिथूनच झोडतो.

बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही. पसरते. कोरड्या दिवशी मऊ ब्रशने, घराबाहेर.

हे सगळं छापून प्रिंटबरोबर एक चिठ्ठी द्या. आणि फ्रेम करून विकू नका, गुंडाळी करून विका. काच पोचवताना फुटते आणि मग भांडण.

बे_एके_बे
शनिवार, रात्री ९.०५

हिशोबाचं एक राहिलं. प्रिंटच्या बदल्यात घेतलेले पैसे म्हणजे विक्री, देणगी नव्हे. त्यावर देणगीच्या करसवलतीची, म्हणजे ८०जी ची, पावती फाडू नका, सीएंना आधी विचारा. आणि छपाई, कागद, टपाल, फोटो देणाऱ्याचा वाटा वजा जाता संस्थेकडे किती उरतं ते उघड लिहा. 'सर्व रक्कम सत्कार्यास' असं लिहिणाऱ्यांचा मला संशय येतो.

पुणेरी_चिकू
शनिवार, रात्री ९.४०

फोटो देणाऱ्याचा वाटा हे आत्तापर्यंत कोणीच बोललं नव्हतं. बे_एके_बे यांना आमच्यातर्फे एक बाकरवडी.

खाडीकाठ
रविवार, सकाळी ११.००

रात्री विश्वस्तांना हा धागा वाचायला दिला. दुसरे विश्वस्त फरशीच्या हिशोबाने गप्प झाले. पहिले अजून सूर्यांवर आहेत, पण मास्तरांचं कॅलेंडर त्यांना भारी आवडलंय.

ठरलं ते असं. सूर्यांचं पान होईल, पण फोटो श्रेयाच्या परवान्याचे किंवा मालकाने हो म्हटलेले, आणि सूर्य क्षितिजाच्या पट्टीसकट. बारा महिन्यांच्या बारा रांगा. जून-जुलै-ऑगस्टच्या रांगांत सूर्य मिळाला नाही तर नुसतं ढगाळ क्षितिज, आणि ते आमच्या मुलांनी काढलेलं. मागच्या बाजूला सगळ्यांची नावं. ते पोस्टरसारखं, स्वस्त, मर्यादा नाही. चिकू, रविवर्मा जिंकले.

मर्यादित आवृत्ती वेगळी. लोकांच्या पानांवर पडलेले, मोबाईल धरून काढलेले अल्बममधले फोटो, पोस्ट टाकणारा आणि फोटोतली माणसं किंवा त्यांच्या घरचे या दोघांचीही लेखी परवानगी घेऊन. अंगठा, ट्यूबलाइट, सगळं तसंच. मूळ जितकं लहान तितकाच प्रिंट लहान, पाच बाय चारच्या पुढे जायचं नाही, भोवती भरपूर पांढरा कागद. प्रत्येकी २५, आणि त्यातली पहिली त्या घराला. विक्रीचा एक वाटा फोटो देणाऱ्याला, तो किती यावर अजून जुंपलेली आहे.

आंबोळी, मामेबहिणीला विचारशील? नाही म्हणाली तरी चालेल, स्कॅनर दुरुस्त झाला की तुमच्या सगळ्या नातेवाईकांचे अल्बम आधी घेऊ.

आंबोळी_चटणी
रविवार, दुपारी १२.१५

विचारलं. तिला आधी त्या नेलपॉलिशचीच लाज वाटली. मग म्हणाली, छापा.

वकिलीणबाई
रविवार, दुपारी १२.५०

परवानगीपत्राचा मसुदा करून देते, मराठीत, एका पानात. त्यात 'पुढे कोणत्याही माध्यमात कायमस्वरूपी' असली वाक्यं नसतील. किती प्रती, कोणतं माप, किती पैसे आणि नको वाटलं तर काय करायचं, एवढंच.

बंदरावरचो
रविवार, दुपारी २.३०

माझ्याकडे जुलै महिन्याचो फोटो असा. होडी शाकारलेली, मागे पाणी काळाकुट्ट, सूर्याचो पत्तो नाय. चलात काय? कुत्रो पण असा.

खाडीकाठ
रविवार, दुपारी २.४०

चलात! मुलांच्या रांगेत एक पाहुणा म्हणून. कुत्र्याला कापणार नाही. वाट्याचं पत्र वकिलीणबाईंचा मसुदा आला की पाठवते.

डार्करूमवाला
रविवार, दुपारी २.५५

बंदरावरचो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, दाबून लहान करतो आणि तारीखही पुसतो. डॉक्युमेंट म्हणून जोडा, किंवा सरळ ईमेल करा.

बंदरावरचो
रविवार, दुपारी ३.२०

ईमेल केलंय. साडेचार एमबी असा. आता माका सांगा, पोस्टर कितीक देतलास?